वय झालं म्हणजे काय झालं? : डॉ. रॉबर्ट बटलर यांचं आयुष्य आणि काम



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं जमतो, त्या डॉक्टरांची माझ्या मनातली पहिली आठवण सायकलची आहे. हँडलला काळी पेटी अडकवलेली, पँटच्या पायाला चिमटा लावलेला. माझ्या आजीला बघायला ते महिन्यातून एकदा घरी यायचे. तिला ऐकू कमी यायचं. डॉक्टर खाटेच्या कडेवर बसायचे, नाडी धरायचे आणि तिच्या कानाशी वाकून विचारायचे, ‘‘काय म्हणताय आजी?’’ आणि मग थांबायचे. आजी सावकाश बोलायची. एकदा दारात उभे असलेले माझे काका म्हणाले, ‘‘वय झालं हो तिचं आता. चालायचंच.’’ डॉक्टरांनी मागे वळूनही न बघता म्हटलं, ‘‘वय झालंय ते मलाही दिसतंय. दुखतंय कुठं, ते त्यांना सांगू द्या.’’

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. पुढे मानसोपचार शिकलो, म्हाताऱ्या माणसांच्या मनाचे आजार हाच कामाचा विषय झाला. तरी डॉक्टरांच्या त्या एका वाक्यात काय काय होतं, हे कळायला मला दूरच्या एका माणसाचं आयुष्य वाचावं लागलं. त्यांचं नाव डॉ. रॉबर्ट नील बटलर. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ. जन्म १९२७, मृत्यू २०१०. वार्धक्य आणि आजार या दोन गोष्टींची गाठ सोडवण्यात त्यांनी अर्धशतकाहून जास्त काळ घालवला. आज त्यांच्याविषयी बोलायचं मी ठरवलं, कारण आपले डॉक्टर जे खाटेच्या कडेवर बसून करत होते, तेच बटलर यांनी प्रयोगशाळेत, वर्तमानपत्रात, संसदेच्या समित्यांपुढे आणि वैद्यकीय महाविद्यालयात केलं.

बटलर यांचा जन्म न्यूयॉर्कचा. ते वर्षाचेही झाले नव्हते तेव्हा आईवडील वेगळे झाले आणि बाळाला आईच्या आईवडिलांकडे ठेवलं गेलं. हे आजी-आजोबा न्यू जर्सी राज्यातल्या व्हाइनलँड या गावी कोंबड्या पाळून पोट भरत. म्हणजे ज्या वयात मुलाला जग ओळखीचं होतं, त्या वयात या मुलाच्या ओळखीचं जग म्हाताऱ्या माणसांचं होतं. आजोबांबरोबर कोंबड्यांना दाणा घालायचा, त्यांच्या गोष्टी ऐकायच्या. रॉबर्ट सात वर्षांचा असताना आजोबा गेले. ते गेले, हे त्याला कुणी नीट सांगितलंच नाही. मोठ्यांनी काहीबाही सांगून वेळ मारून नेली आणि आजोबा परत येणार नाहीत हे त्याचं त्यालाच उमगलं. आपल्या आधीच्या पिढीत, मला वाटतं, घरोघरी हेच व्हायचं. ‘देवबाप्पाकडे गेले’ म्हणायचं आणि विषय बदलायचा.

ते दिवस महामंदीचे होते. कोंबड्यांची वाडी हातची गेली. आजी आणि नातू सरकारी मदतीच्या धान्यावर जगले आणि ते आणायला जाताना वाटणारी लाज बटलर शेवटपर्यंत विसरले नाहीत. रोजगार योजनेतल्या शिवणकामाच्या दालनात आजी मशीनवर बसली, नातू पेपर विकायचा, सायकली दुरुस्त करायचा. पुढे दोघं एका हॉटेलात राहायला गेली. रॉबर्ट अकरा वर्षांचा असताना ते हॉटेल जळालं आणि होतं नव्हतं ते सगळं गेलं. आजीनं पुन्हा संसार उभा केला. बटलर पुढे लिहितात की त्या वर्षांतल्या हालांपेक्षा त्यांच्या लक्षात राहिली ती आजीची जिद्द; म्हातारं माणूस तगून राहण्यासाठी कसं झुंजतं हे जवळून पाहिलं म्हणूनच आपणही तगलो. वार्धक्यावर लिहिणारे बहुतेक लोक वार्धक्याकडे कीव करत पाहतात किंवा त्याला देव्हाऱ्यात बसवतात. बटलर यांच्या लेखनात या दोन्ही गोष्टी सापडत नाहीत, त्याचं कारण मला या आजीत दिसतं. त्यांनी म्हातारपण कमावतं पाहिलं होतं.

डॉक्टर व्हायचं बीजही तिथलंच. आजी-आजोबांच्या स्नेहातले एक वयस्क डॉक्टर त्या गावात होते आणि रॉबर्टला ते देवासारखे वाटत. शिक्षण कोलंबिया विद्यापीठात झालं. तिथल्या विद्यार्थी-दैनिकाचे ते संपादक होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण शब्द नेमका कुठे मारायचा हे त्यांना पुढे फार चांगलं कळत होतं. १९५३ साली ते डॉक्टर झाले. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना धक्का बसला तो म्हाताऱ्या रुग्णांसाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांचा. निकामी मडकं, अशा अर्थाचा शब्द तिथले शिकाऊ डॉक्टर सर्रास वापरत. ज्या आजीनं हॉटेल जळाल्यावर पुन्हा चूल मांडली, तिच्या वयाच्या बायकांना हे लोक मडकं म्हणत होते.

आपल्याकडे वेगळं आहे असं आपल्याला वाटतं. मातृदेवो भव, पितृदेवो भव म्हणणारे आपण. पण आपली भाषा काय म्हणते? ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणते. ‘म्हातारचळ’ म्हणते. ‘गोवऱ्या मसणात गेल्या’ म्हणते. वृद्धानं नवा सदरा शिवला, नवीन काही शिकायला घेतलं, एखाद्या गोष्टीवर जीव लावला, की यातला एखादा शब्द तयार असतो. म्हणी लोकांच्या अनुभवातून येतात हे खरं, पण लोकांच्या भीतीतूनही येतात. ‘म्हातारचळ’ या एका शब्दात आपण विसरभोळेपणा, नैराश्य, संशय, प्रेम, हट्ट आणि मेंदूचा आजार हे सगळं एकत्र कोंबून वर झाकण ठेवलंय.

मानसोपचाराच्या शास्त्रानंही हेच केलं होतं. १९०५ साली छापलेल्या एका व्याख्यानात खुद्द फ्रॉईड यांनी म्हटलं की पन्नाशीच्या आसपास पोचलेल्या माणसाच्या मनाची लवचीकता संपलेली असते, त्यामुळे मनोविश्लेषणाचा त्याला उपयोग नाही. फ्रॉईड तेव्हा स्वतः पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते आणि त्यांचं पुष्कळ महत्त्वाचं लेखन अजून व्हायचं होतं. तरीही पुढची पन्नास वर्षं हा समज मानसोपचाराच्या खोल्यांमध्ये टिकून राहिला. म्हातारा रुग्ण आला की नुसती झोपेची गोळी द्यायची.

१९५५ मध्ये बटलर अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत दाखल झाले. तिथं एक अभ्यास सुरू झाला होता, त्याची रचना मला आजही सुंदर वाटते. तोवर वार्धक्याविषयी जे काही ठाऊक होतं ते इस्पितळात आणि वृद्धाश्रमात पडलेल्या माणसांवरून. म्हणजे तापाच्या वॉर्डात उभं राहून माणसाचं नेहमीचं तापमान ठरवण्यासारखं. या संशोधकांनी उलट केलं. पासष्टीच्या पुढचे, समाजात हिंडते-फिरते, तब्येतीनं धडधाकट असे ४७ पुरुष निवडले, त्यांना बेथेस्डा इथल्या संशोधन-रुग्णालयात ठेवून घेतलं आणि शरीर, मेंदू, बुद्धी, स्वभाव, घरची परिस्थिती असं सगळं तपासलं. जेम्स बिरेन हे मानसशास्त्रज्ञ होते, लुई सोकोलॉफ मेंदूतला रक्तप्रवाह मोजत होते आणि तरुण बटलर त्या माणसांशी बोलत होते.

निष्कर्ष असा निघाला की खरोखर निरोगी असलेल्या वृद्धांच्या मेंदूतला रक्तपुरवठा तरुणांच्या मानानं काही घटलेला नव्हता. ज्यांच्या रक्तवाहिन्यांमध्ये थोडा का होईना दोष होता, त्यांच्यात तो घटला होता. ‘वयामुळे होतं’ म्हणून जे जे सांगितलं जात होतं, त्यातलं बरंचसं आजारामुळे होत होतं. काही एकटेपणामुळे, काही जवळचं माणूस गेल्यामुळे. १९६३ साली हा अभ्यास पुस्तकरूपानं आला. आज हे ऐकताना तुम्हाला साधं वाटेल. पण याचा व्यवहारातला अर्थ मोठा होता. वयाला औषध नाही, आजाराला असू शकतं. थायरॉइड मंदावला की माणूस सुस्त होतो, विसरतो. शाकाहारी घरातल्या वृद्धांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आम्ही नेहमी पाहतो, तिनंही स्मरणशक्ती डगमगते. चार डॉक्टरांच्या चार चिठ्ठ्यांवरच्या अकरा गोळ्या एकत्र घेतल्या की भ्रम होतो. आणि नैराश्य तर हुबेहूब स्मृतिभ्रंशाचं सोंग घेऊन येतं. ‘वय झालं’ म्हटलं की यातलं एकही तपासलं जात नाही.

आता मी बटलर यांच्या ज्या कामाकडे येतो, त्यापाशी थोडा थांबणार आहे.

त्या ४७ जणांशी आणि नंतर इतर वृद्धांशी बोलताना बटलर यांच्या ध्यानात आलं की ही माणसं पुन्हा पुन्हा मागच्या आयुष्याकडे वळतात. तेव्हाचं शास्त्र याला ऱ्हासाचं लक्षण मानत असे. ताज्या आठवणी टिकत नाहीत म्हणून म्हातारा जुन्यात रमतो, त्याला तिथून बाहेर काढा, अशी शिकवण होती. बटलर यांनी १९६३ मध्येच एक लेख लिहिला आणि वेगळं म्हणणं मांडलं. मरण जवळ आल्याची जाणीव झाली की माणसाच्या मनात आपोआप एक काम सुरू होतं. जुन्या घटना, विशेषतः न मिटलेली भांडणं, न मागितलेल्या माफ्या, वर येऊ लागतात. माणूस त्या हातात घेऊन पाहतो, त्यांची नवी मांडणी करतो. याला त्यांनी नाव दिलं जीवन-पुनरावलोकन. हे निरोगी मनाचं, सगळ्याच माणसांत होणारं काम आहे, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यांनी ते गोड करून सांगितलं नाही. काहींना यातून शांती मिळते. काहींना पश्चात्ताप इतका गिळतो की ते खोल नैराश्यात जातात, जिवाचं बरंवाईटही करतात. म्हणूनच हे काम चालू असताना जवळ ऐकणारं कुणी हवं. आरशासमोर उभं राहून स्वतःशी बोलणाऱ्या वृद्धांच्या नोंदी त्या लेखात आहेत. त्या वाचल्यावर मी कितीतरी दिवस अस्वस्थ होतो.

त्याला कारण होतं. शिकाऊ डॉक्टर असताना एका मोठ्या रुग्णालयात माझ्या वॉर्डात एक आजी होत्या. पंचाहत्तरीच्या आसपासच्या. मुलानं आणून सोडलं होतं. त्या दिवसभर एकच वाक्य म्हणायच्या, ‘‘दार उघडंच राहिलं हो.’’ कुणी जवळ गेलं की हात धरून, ‘‘दार उघडंच राहिलं.’’ आम्ही म्हणायचो, बंद केलंय आजी, झोपा. मी त्यांच्या केसपेपरवर लिहिलं : असंबद्ध बडबड, वयानुरूप. मला हेच शब्द आठवतात, कारण ते माझ्या अक्षरात होते. वरिष्ठांनी त्यावर सही केली. दीड महिन्यानं आजी न्यूमोनियानं गेल्या. आणखी काही वर्षांनी ग्रंथालयात बटलर यांचा लेख वाचताना एकदम लक्षात आलं की कुठलं दार, हे मी त्यांना एकदाही विचारलं नाही. दाराशी कोण होतं, कधी, उघड्या दारातून कोण गेलं. ती बडबड नसेलही. एखादा हिशेब त्या मिटवू बघत असतील. मला ते कधीच कळणार नाही. आजाराचं निदान करण्यात मी चुकलो असतो तर ती चूक अज्ञानाची झाली असती. इथं मी विचारलंच नाही.

पुढे या लेखातून जगभर आठवणींवर आधारलेल्या उपचारपद्धती निघाल्या. वृद्धाश्रमांत जुने फोटो, जुनी गाणी, जुनी भांडीकुंडी समोर ठेवून लोकांना बोलतं करतात ते याच वाटेवरचं पाऊल. पण त्यात एक धोका मला दिसतो. आठवणी हा करमणुकीचा तास होतो. बटलर ज्याविषयी बोलत होते ते काम होतं आणि कामात कष्ट असतात.

१९६९ साली बटलर वॉशिंग्टन शहरात होते. मानसोपचाराचा व्यवसाय होता आणि शहराच्या वृद्धविषयक सल्लागार समितीचे ते अध्यक्ष होते. चेव्ही चेज या सुखवस्तू भागातली एक उंच, चांगली इमारत विकत घेऊन तिथं गरीब वृद्धांना घरं द्यावीत असा प्रस्ताव शहराच्या गृहनिर्माण संस्थेनं मांडला. रहिवासी खवळले. सभा उधळण्याइतका आरडाओरडा झाला. येणाऱ्यांमध्ये कृष्णवर्णीय असतील ही भीती त्यात होतीच. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चा एक तरुण वार्ताहर बटलर यांच्याकडे आला आणि त्यानं विचारलं की हा वर्णद्वेषच ना? हा वार्ताहर कार्ल बर्नस्टीन. तीन-चार वर्षांनी वॉटरगेट प्रकरण उघडकीला आणणाऱ्या जोडीतला. बटलर यांनी सांगितलं की वर्णद्वेष आहेच, पण इथं त्याहूनही जास्त आणखी एक गोष्ट आहे. आणि त्यांनी एक नवा शब्द वापरला, ‘एजिझम’. त्याच वर्षी त्यांनी त्यावर लेखही लिहिला. आज तो शब्द कोशांत आहे, कायद्यांच्या चर्चेत आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये त्यावर स्वतंत्र जागतिक अहवाल काढला.

मराठीत याला काय म्हणायचं? मी ‘वयभेद’ म्हणतो. आपल्याला ‘भेद’ या शब्दाचं वजन ठाऊक आहे. जातिभेद, वर्णभेद, लिंगभेद. या मातीत त्या शब्दामागे शे-दीडशे वर्षांचा झगडा उभा आहे, त्यामुळे ‘वयभेद’ म्हटलं की तो नुसत्या उद्धटपणाचा प्रश्न राहत नाही, न्यायाचा होतो. एक फरक मात्र आहे. इतर भेदांत ज्यानं भिंत बांधली त्याला सहसा भिंतीपलीकडे जावं लागत नाही. वयभेदात आज भिंत बांधणारा, जगला-वाचला तर, उद्या नक्की पलीकडे असतो. येल विद्यापीठातल्या बेका लेव्ही यांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ओहायो राज्यातल्या एका गावातली पन्नाशीपुढची ६६० माणसं. आपल्या वाढत्या वयाकडे ज्यांनी बऱ्या नजरेनं पाहिलं, ती माणसं इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगली. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तरुण तोंडातून निघते आणि त्याच माणसाच्या साठीत त्याच्या कानात घुमत राहते.

१९७५ साली बटलर यांचं मोठं पुस्तक आलं, ‘व्हाय सर्व्हाइव्ह?’ कशासाठी तगायचं? पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. पुस्तक रागानं लिहिलेलं आहे, पण तो राग आकड्यांनी आणि तपशिलांनी भरलेला आहे. निवृत्तिवेतन, घरं, बसगाड्या, शुश्रूषागृहांतला नफेखोर कारभार, औषधांचा भडिमार, सगळं त्यात येतं. एकच उदाहरण देतो. वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात, मेडिकेअरमध्ये, रुग्णालयाबाहेरच्या मानसोपचारासाठी वर्षाला २५० डॉलरची मर्यादा होती. हृदयाला अशी मर्यादा नव्हती, मनाला होती.

त्याच सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या छत्राखाली वार्धक्यासाठी एक नवी संस्था उभी राहिली. कायदा १९७४ चा आणि १९७६ मध्ये पहिले संचालक झाले बटलर. बाल्टिमोरमध्ये माणसं कशी म्हातारी होतात याचा एक दीर्घ अभ्यास १९५८ पासून चालू होता, पण त्यात फक्त पुरुष होते. १९७८ मध्ये त्यात स्त्रिया आल्या. वीस वर्षं कुणाला खटकलं नव्हतं! जगात म्हातारपण जास्त करून बायका जगतात, विधवा बायका, आणि शास्त्र पुरुषांना मोजत होतं.

संचालक म्हणून त्यांनी घेतलेला सगळ्यात मोठा निर्णय अल्झायमरचा. इथं मला थोडं मागे जावं लागेल. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आउगुस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. स्मृती गेलेली, नवऱ्यावर संशय. डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिच्या मृत्यूनंतर तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि १९०६ मध्ये त्यातल्या गाठी आणि साठे जगासमोर ठेवले. पुढे अनेक दशकं या नावाचा आजार म्हणजे पन्नाशी-साठीतल्या माणसांना होणारा एक दुर्मीळ रोग, असं मानत. सत्तरीत तेच झालं तर? तर ते म्हातारपण. तोच मेंदू, त्याच गाठी, पण एका बाजूला रोग आणि दुसऱ्या बाजूला नशीब. साठच्या दशकात इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांनी वृद्धांच्या मेंदूंमध्येही तेच बदल दाखवले आणि १९७६ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका संपादकीयात स्पष्ट लिहिलं की दोन्ही एकच आणि हा मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे.

बटलर यांनी ही गोष्ट उचलली. पेशी म्हाताऱ्या कशा होतात या प्रश्नावर संसद पैसे देत नाही, पैसे मिळतात ते रोगाला, हे त्यांना माहीत होतं. रुग्णांच्या बायका, मुली, नवरे यांची दुःखं संसदेपुढे आली पाहिजेत, तेव्हाच निधी हलेल. यातनेचं आरोग्य-राजकारण, असं ते त्याला म्हणत. त्यांनी परिषदा घेतल्या, विखुरलेल्या कुटुंबांच्या गटांना एकत्र यायला मदत केली आणि त्यातून १९८० च्या आसपास अमेरिकेतली अल्झायमर संघटना उभी राहिली. १९८४ पासून संशोधन केंद्रांना निधी मिळू लागला. ‘म्हातारचळ’ गेला आणि त्या जागी आजार आला. लाखो कुटुंबांच्या मनावरचं ओझं त्या एका नावानं हलकं केलं. आई मुद्दाम त्रास देत नाहीये, तिला आजार आहे, हे कळणं काय असतं ते माझ्या दवाखान्यात मी दर आठवड्याला पाहतो. आपल्याकडे ‘अस्तु’ या चित्रपटात स्वतः मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. मोहन आगाशे यांनी असा विस्मृतीत गेलेला संस्कृतचा प्राध्यापक उभा केला. तो पाहून आलेले कितीतरी लोक मला म्हणाले, ‘‘आमच्या अण्णांचं हेच होतं हो, आम्ही त्यांच्यावर किती ओरडलो.’’

पण या यशाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय मी पुढे गेलो तर बटलर यांच्याशी अप्रामाणिक होईन. ज्यांनी म्हातारपण आणि आजार वेगळे केले, त्यांच्याच मोहिमेमुळे लोकांच्या मनात म्हातारपण म्हणजे अल्झायमर असं समीकरण बसू लागलं. रिचर्ड ॲडेलमन या वार्धक्यशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये वार्धक्याच्या या ‘अल्झायमरीकरणा’वर लेखच लिहिला. भीतीवर उभारलेला निधी भीती वाढवतच नेतो. शिवाय पैसा रेणूंच्या संशोधनाकडे गेला. घरी बसून आईला भरवणाऱ्या सुनेकडे, तिच्या मोडलेल्या पाठीकडे त्याचा थेंबही नीट पोचला नाही. माझं मत विचाराल तर त्या काळी बटलर यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता आणि तरीही ही किंमत खरी आहे. भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. हा आकडा मोठा आहे. पण त्याची दुसरी बाजूही वाचा. साठीपुढच्या शंभरातल्या ९२ हून जास्त माणसांना हा आजार नाही. आपण बोलतो मात्र सगळ्यांनाच असल्यासारखं.

१९८२ मध्ये बटलर न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयात गेले आणि तिथं वृद्धवैद्यकाचा पूर्ण विभाग सुरू केला. अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयातला असा तो पहिला. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तिथं महिनाभर काम करणं सक्तीचं झालं. ‘मडकं’ म्हणणाऱ्या पिढीला उत्तर म्हणून त्यांनी हा सक्तीचा महिना ठेवला, असं मला वाटतं. आपल्याकडे १९९६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात वृद्धवैद्यकाचं पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं. पण महाराष्ट्रातल्या बहुतेक डॉक्टरांना आजही बालरोगासाठी वेगळं पुस्तक असतं. म्हाताऱ्यांसाठी प्रकरण असतं, तेही शेवटचं. आणि २०११ च्या जनगणनेतच देशात साठीपुढची माणसं दहा कोटींहून जास्त होती.

बटलर यांच्या पत्नी मिर्ना लुईस या समाजकार्यकर्त्या आणि वार्धक्याच्या अभ्यासक. दोघांनी मिळून वृद्धांच्या मानसिक आरोग्यावर पाठ्यपुस्तक लिहिलं आणि १९७६ मध्ये साठीनंतरच्या प्रेमावर आणि शरीरसुखावर सामान्य वाचकांसाठी पुस्तक. त्याविषयी इथं फार बोलत नाही, वेळ नाही. इतकंच म्हणतो की विधुर वडिलांनी सोबत शोधली म्हणून मुलं त्यांना माझ्याकडे ‘तपासायला’ आणतात, तेव्हा त्या वडिलांना लाज वाटताना मी पाहिलेली आहे. १९९० मध्ये बटलर यांनी दीर्घायुष्याच्या अभ्यासासाठी एक आंतरराष्ट्रीय केंद्र काढलं. माणूस जास्त जगू लागला हे संकट मानू नका, तो मानवजातीचा विजय आहे, हे सांगत ते देशोदेशी फिरले. २००५ मध्ये मिर्ना गेल्या. ज्यांनी आयुष्यभर वियोगानं खचलेल्या वृद्धांना ऐकलं, त्यांच्या वाट्याला तो वियोग आला आणि ते काम करत राहिले. रक्ताच्या कर्करोगानं ४ जुलै २०१० रोजी त्यांचं निधन झालं. वय ८३. त्याआधी तीन दिवसांपर्यंत ते कामावर होते.

शेवटी एका रुग्णाविषयी सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर, वय ८१. सुनेनं आणलं. ती थकलेली होती. म्हणाली, ‘‘डॉक्टर, आबा रात्री उठून स्टॉप म्हणत बसतात. तेच तेच. आणि एका ठिकाणी आले की रडतात. वय झालंय, कळतं मला, पण झोप नाही घरात कुणाला.’’ मी रक्त तपासलं, गोळ्या पाहिल्या, स्मरणशक्तीच्या चाचण्या घेतल्या. थोडी विस्मृती होती, फार नाही. मग खुर्ची जवळ ओढली आणि म्हटलं, ‘‘आबा, कुठली गाडी?’’

ते ताठ बसले. ‘‘कोल्हापूर-रत्नागिरी. रात्रीची.’’ आणि सुरू झाले. बांबवडे. मलकापूर. आंबा. साखरपा. इथं थांबले. डोळे भरले. मी काही बोललो नाही. बऱ्याच वेळानं म्हणाले, ‘‘पाऊस होता. बाई होती एक, कडेवर पोर. पैसे कमी होते तिच्याकडे. मी नियमानं उतरवली.’’ चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. ती बाई पुढे कुठं गेली, घरी पोचली का, हे त्यांना कधी कळलं नव्हतं आणि हे त्यांनी कुणाला सांगितलंही नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. सून माझ्या शेजारी उभी होती. ती खाली त्यांच्या पायाशी बसली. काही वेळ खोलीत कुणीच बोललं नाही.

मग तिनं विचारलं, ‘‘आबा, साखरप्याच्या पुढं काय येतं?’’

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. ‘‘पाली,’’ म्हणाले. ‘‘मग हातखंबा.’’